पाटी कोणाची, नदी कोणाची?

सावर्ड्याच्या एका वाडीत रात्रीचा साक्षरता वर्ग भरत असे. दिवसभराची कामे उरकून बाया-बापये पुस्तके घेऊन येत. सगळ्यांत उत्साही कोण? तर काकी. साठीच्या घरात आल्यावर ती अक्षरे शिकली. दिसेल ती पाटी वाचून काढायची तिला हौसच लागली होती.

पण त्या रात्री काकीने पुस्तक उघडलेच नाही.

गुरुजींनी विचारले, "काय काकी, आज पुस्तक मिटलेलं का?"

"वाचायला शिकले तेच चुकलं, गुरुजी," काकी म्हणाली.

सगळे हसले. काकी मात्र हसली नाही. ती सांगू लागली.

"माझं माहेर वाशिष्ठीच्या खाडीकाठचं. भाऊ आता पलीकडच्या काठाला राहतो. मी लहान होते तेव्हापासून आम्ही पाखाडी उतरून घाटावर जायचो, होडीत बसायचो आणि पलीकडे उतरायचो. परवा भावाच्या नातीचं बारसं होतं. पाखाडीशी गेले, तर तारेचं कुंपण. वर एक पाटी. अक्षर अक्षर जुळवून वाचली. 'खाजगी जागा. घाटावर व नदीत जाण्यास सक्त मनाई. हुकुमावरून.' वाचली आणि मागं फिरले. एस.टी.नं लांबचा वळसा घातला. पोचले तर बारसं उरकलेलं. आणि माझ्या मागून आलेली शेजारीण, तिला वाचता येत न्हाई, ती तारेखालून वाकून गेली, होडीत बसली आणि वेळेवर पोचली! आता सांगा, शिकून काय मिळवलं?"

गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "काकी, तुम्ही पाटी बरोबर वाचलीत. पण एक गोष्ट वाचायची राहिली. 'हुकुमावरून' असं लिहिलंय. हुकूम कोणाचा, ते लिहिलंय का?"

काकीने आठवून पाहिले. "न्हाई. नाव न्हवतं."

"मग आजचा धडा तोच. पाटी वाचावी. पण पाटी कोणी लावली, आणि तसं सांगायचा त्याला अधिकार आहे का, हेही विचारावं."

नदी कोणाची?

गुरुजींनी फळ्यावर एक प्रश्न लिहिला. नदी कोणाची?

एक तरणा मुलगा म्हणाला, "ज्याची जमीन काठाला, त्याची."

दुसरा म्हणाला, "सरकारची."

कोपऱ्यात आजोबा बसले होते. तरुणपणी ते गलबतावर तांडेल होते. ते म्हणाले, "नदी देवाची. आपण तिची लेकरं."

गुरुजी म्हणाले, "आजोबांचं म्हणणं कायद्यानं आपल्या भाषेत सांगितलं आहे. ऐका."

महाराष्ट्रात १९६६ सालचा जमीन महसूल कायदा आहे. त्याच्या विसाव्या कलमात सांगितले आहे की सार्वजनिक रस्ते आणि गल्ल्या, नद्या, ओढे, नाले, तलाव, तसेच भरतीच्या रेषेखालचा खाडीचा तळ, वाहते पाणी आणि साठलेले पाणी हे सारे राज्य सरकारच्या मालकीचे आहे. एखाद्या ठिकाणी कोणाची खाजगी मालकी शाबीत झाली असेल, तर ती गोष्ट वेगळी. पण कोणी नुसते 'माझे' म्हटल्याने नदी त्याची होत नाही.

तरणा मुलगा म्हणाला, "म्हणजे सरकारची. मग सरकारनं ती कोणाला विकली तर?"

प्रश्न चांगला होता. गुरुजी म्हणाले, "देवळाच्या पंचांकडे देवाचे दागिने असतात. ते दागिने पंचांचे असतात का?"

"छे! ते सांभाळायला दिलेले."

"तसंच सरकारचं आहे. सरकार नदीचं विश्वस्त आहे."

मग गुरुजींनी एका खटल्याची हकीगत सांगितली. हिमाचल प्रदेशात बियास नावाची मोठी नदी आहे. तिच्या काठी प्रवाशांसाठी एक खाजगी हॉटेल होते. हॉटेलवाल्यांनी नदीकाठची वनजमीन आपल्या आवारात घेतली. ती सरकारकडून भाडेपट्ट्याने पदरातही पाडून घेतली. पुराचे पाणी हॉटेलात शिरू नये म्हणून यंत्रे लावून नदीचा प्रवाहच वळवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १३ डिसेंबर १९९६ रोजी निकाल लागला. न्यायालयाने तो भाडेपट्टा रद्द केला. बिघडवलेली जागा पूर्ववत करण्याचा खर्च हॉटेलवाल्यांवर टाकला. आणि सांगितले की हवा, पाणी, समुद्र, नद्या यांसारख्या गोष्टी सर्व लोकांच्या उपयोगाच्या आहेत. सरकार त्यांचे विश्वस्त आहे. विश्वस्ताने ठेव सांभाळायची असते. ती खाजगी फायद्यासाठी देऊन टाकायची नसते.

पाण्याची वाट

आजोबा आता सरसावून बसले. म्हणाले, "अरे, आमच्या वेळी नदी हाच रस्ता होता."

ते खरेच आहे. कोकणात डोंगर, दऱ्या आणि खाड्या. गाडीरस्ते फार उशिरा झाले. वाशिष्ठी सह्याद्रीत उगम पावते, चिपळुणावरून वाहत जाते आणि दाभोळजवळ समुद्राला मिळते. भरतीचे पाणी चिपळूणपर्यंत चढते. भरतीबरोबर गलबत वर यायचे आणि ओहोटीबरोबर खाली जायचे. चिपळूणजवळच्या गोवळकोटच्या धक्क्यावर माल चढायचा-उतरायचा. तिथून तो दाभोळला आणि पुढे मुंबईला जायचा. ठिकठिकाणी तरी होत्या. तर म्हणजे नदी किंवा खाडी ओलांडून देणारी होडी. माहेरवाशिणी, शाळेची मुले, आजारी माणसे, सगळी तरीनेच जात.

आजही दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये फेरीबोट चालते. माणसांबरोबर मोटारीही पलीकडे जातात. चिपळूणवरून घालावा लागणारा मोठा वळसा वाचतो.

जिच्यातून होड्या जाऊ शकतात, त्या नदीतून ये-जा करण्याचा हक्क सर्वांना असतो. तो रस्त्यासारखाच हक्क आहे. रस्त्याच्या कडेला ज्याचे घर आहे, तो रस्ता अडवू शकत नाही. तसेच नदीच्या काठाला ज्याची जमीन आहे, तो नदी अडवू शकत नाही.

२०१६ साली संसदेने राष्ट्रीय जलमार्गांचा कायदा केला. देशातले एकूण १११ जलमार्ग राष्ट्रीय ठरले. दाभोळची खाडी आणि वाशिष्ठी नदी मिळून त्यांतला एक जलमार्ग आहे. त्याची लांबी सुमारे ४५ किलोमीटर आहे. संगमेश्वरापासून जयगडपर्यंतची शास्त्री नदीही त्या यादीत आहे. या कायद्याने लगेच बोटी सुरू होतात असे नाही. आणि होडीने जाण्याचा हक्कही या कायद्याने नव्याने आलेला नाही. तो फार जुना आहे.

किती जुना?

सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी रोमी बादशहा जस्टिनियन याने कायद्यांचे पुस्तक तयार करवले. त्यात लिहिले होते की हवा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्रकिनारा या गोष्टी सर्वांच्या आहेत.

इंग्लंडात बडे लोक नद्यांमध्ये मासे धरण्यासाठी मोठमोठे बांध आणि कूड घालत. त्याने होड्या अडत. १२१५ साली तिथल्या राजाला प्रजेतल्या सरदारांपुढे नमावे लागले. त्याने एका सनदेवर शिक्कामोर्तब केले. टेम्स आणि इतर नद्यांमधले असे बांध काढून टाकावेत, हेही त्या सनदेत लिहिले होते.

आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नावाध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. नावांवर आणि तरींवर देखरेख करणे हे त्याचे काम. तरीचे भाडे ठरलेले असे. पण लहान मुले, म्हातारी माणसे, आजारी माणसे आणि गरोदर बायका यांना भाडे माफ होते.

काकी म्हणाली, "म्हणजे नदी अडवायची खोड जुनी, आणि ती मोकळी ठेवायचा कायदाही जुना!"

महाडचे तळे

गुरुजी म्हणाले, "आता जवळची गोष्ट सांगतो. महाडची."

महाडात चवदार तळे आहे. त्याचे पाणी सारे गाव वापरी. पण अस्पृश्य मानलेल्या लोकांना तिथे मज्जाव होता. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळाने ठराव केला की सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनेही तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. पण ठराव कागदावरच राहिला. पाण्याला हात लावायला कोणी धजेना.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले. त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. त्या दिवशी लोकांना मार खावा लागला. मग विरोधक कोर्टात गेले. त्यांचे म्हणणे काय होते? हे तळे सार्वजनिक नाहीच, खाजगी आहे! हा दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयाने तो फेटाळला.

काकी हळूच म्हणाली, "तिथंही 'खाजगी' हीच पाटी होती म्हणायची."

"हो. आणि आज आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात काय आहे? सरकारच्या पैशानं राखलेल्या किंवा लोकांसाठी ठेवलेल्या विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांवर धर्म, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणालाही अडवता येत नाही. एकोणिसाव्या कलमात सांगितलं आहे की नागरिकाला भारतात सगळीकडे मोकळेपणानं फिरता येतं. पण एक लक्षात घ्या. महाडला ठराव आधी झाला आणि पाणी तीन वर्षांनी मिळालं. हक्क नुसता लिहून भागत नाही. तो माहीत असावा लागतो आणि वापरावा लागतो."

काठाचे काय?

तरणा मुलगा खुशीत आला. म्हणाला, "म्हणजे उद्या चला! कुंपण तोडू, वाडीतून सरळ नदीत उडी मारू."

"थांब," गुरुजी म्हणाले. "नदी सर्वांची आहे. पण काठाची वाडी ज्याची त्याची आहे."

ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. नदीतून जाण्याचा हक्क आहे म्हणून कोणाच्याही माडांच्या बागेतून जाण्याचा हक्क मिळत नाही. नदीवर जायचे ते सार्वजनिक घाटाने, धक्क्याने, किंवा वहिवाटीच्या पाखाडीने. म्हणून आधी एकच गोष्ट पाहायची. ही पाखाडी सार्वजनिक आहे की खाजगी?

ते कसे कळणार? तलाठी दप्तरात गावाचा नकाशा असतो. त्यात जुने रस्ते आणि पायवाटा दाखवलेल्या असतात. जागेचा सातबारा असतो. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना वहिवाट ठाऊक असते. हे सर्व पाहावे आणि मग बोलावे.

पाखाडी सार्वजनिक निघाली आणि तरी ती कोणी सोडत नसेल, तर वाटा पुष्कळ आहेत. १९५८ सालच्या ग्रामपंचायत कायद्याने सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा काढण्याचा अधिकार पंचायतीला आहे. शेताला किंवा पाण्याला जाणारी वहिवाटीची वाट अडवली असेल, तर १९०६ सालच्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. मात्र तो सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. उशीर केला तर ही वाट बंद होते.

लोकांच्या वापरातला रस्ता, नदी किंवा पाण्याचा मार्ग कोणी बेकायदा अडवला, तर प्रांतांकडे अर्ज करता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १५२व्या कलमाखाली ते अडथळा दूर करण्याचा हुकूम काढू शकतात. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आहे. आधीच्या कायद्यातही हीच सोय होती. होड्या चालतात तो मार्ग अडवणाऱ्याला पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

गुरुजी म्हणाले, "कायदा इतका आहे. मग कुंपण तोडायचं कशाला? कुंपण तोडलं की आपणच गुन्हेगार ठरतो."

हक्काची दुसरी बाजू

आजोबा म्हणाले, "मी एक विचारू? त्या माणसानं कुंपण घातलं कशापायी?"

काकी जरा घुटमळली. मग म्हणाली, "खरं सांगू? शहाळी चोरीला जातात. सुटीच्या दिवशी पोरं येतात, बाटल्या फोडून जातात. मागं त्याच्या गुराच्या पायात काच गेली."

सगळे गप्प झाले.

नदीवर मौजेला जाणे वाईट नाही. पोहावे, गळ टाकावा, होडीतून फेरफटका मारावा. नदी त्यासाठीही आहे. पण नदी सर्वांची आहे म्हणजे ती कोणाचीच नाही, असे नव्हे. सर्वांची आहे म्हणून सर्वांनीच तिला जपायची. काही तलावांत मासेमारीचा ठेका दिलेला असतो. तिथे आधी विचारावे. सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारणे हा गुन्हा आहे.

होडीत बसताना जीव सांभाळावा. भरमसाट माणसे भरलेल्या होडीतून भाडे घेऊन नेणे, हा गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. नावाड्याने नाही म्हटले तर रागावू नये. तो आपल्या भल्याचेच सांगत असतो. वाशिष्ठीत सुसरी आहेत, मगरी आहेत असे लोक म्हणतात. त्या मगरीच आहेत. अनोळखी डोहात उतरू नये आणि मगरींना डिवचूही नये. कायद्याने त्यांना संरक्षण आहे. पावसाळ्यात तर नदीची मस्करी करूच नये. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात केवढा पूर आला, ते आपण सर्वांनी पाहिले आहे.

अर्ज

"आता पाट्या काढा," गुरुजी म्हणाले. "काकी सांगतील, आपण लिहू."

सर्वांनी मिळून हा अर्ज लिहिला:

मा. सरपंच,
ग्रामपंचायत ……… यांस,

विषय : घाटावर जाणारी पाखाडी मोकळी करण्याबाबत.

महोदय,

आपल्या गावातील पाखाडीने आम्ही लहानपणापासून घाटावर जात आहोत. तिथून होडीने पलीकडे जातो. आता पाखाडीवर तारेचे कुंपण घातले आहे व मनाईची पाटी लावली आहे. पाटीवर हुकूम देणाऱ्याचे नाव नाही. तरी गावाचा नकाशा पाहून जागेची पाहणी करावी. पाखाडी सार्वजनिक असल्यास ती मोकळी करावी. वाडीच्या मालकांचे नुकसान होऊ नये म्हणून आम्हीही लक्ष ठेवू.

आपली,
(सही)

शेवटचे वाक्य काकीने स्वतः सांगितले. खाली तिने आपली सही केली. पूर्वी ती अंगठा उठवी. अर्जाच्या दोन प्रती केल्या. एक पंचायतीत दिली. दुसरीवर पोच घेतली आणि तारीख टाकून घेतली. अर्ज दिल्यावर पोच घ्यायला कधी विसरू नये.

नवी पाटी

पुढे सरपंच, पंच आणि जुनी माणसे नकाशा घेऊन पाखाडीवर गेली. वाडीचे मालकही आले. नकाशात पाखाडी थेट घाटापर्यंत दाखवली होती. बाजूची माडांची बाग मात्र मालकांचीच होती. मालक आधी चिडले. "माझ्या नुकसानीचं काय?" म्हणाले. तेव्हा काकी पुढे झाली.

"दादा, तुमची शहाळी आमची न्हाईत. पण पाखाडी तुमची न्हाई. तुम्ही तार आत घ्या. आम्ही पोरांना सांगू. बाटली दिसली तर आम्हीच उचलू."

बोलणे पटायला दोन बैठका लागल्या. शेवटी मालकांनी तार मागे घेतली आणि बागेभोवती नीट कुंपण घातले. गावच्या तरुणांनी घाटावरची काच वेचली.

महिन्याभराने काकी पुन्हा माहेरी गेली. पाखाडीशी नवी पाटी होती. काकी थांबली. तिने आधी पाटीचे सर्वांत खालचे अक्षर वाचले. 'ग्रामपंचायत.' मग वरचे वाचले. 'घाटाकडे जाण्याचा सार्वजनिक मार्ग. बाग खाजगी आहे. घाट स्वच्छ ठेवा.'

शेजारीण सोबत होती. तिने विचारले, "काय लिवलंय गो?"

काकीने तिला पाटी वाचून दाखवली. मग म्हणाली, "चल, होडी लागलीय. आणि उद्यापास्नं तूही वर्गाला ये."

एवढे लक्षात ठेवा

१. नदीचे पात्र आणि पाणी लोकांसाठी आहे. सरकार त्याचे विश्वस्त आहे.
२. होड्या चालतात त्या नदीतून जाण्याचा हक्क सर्वांना आहे.
३. काठाची जमीन खाजगी असू शकते. नदीवर सार्वजनिक वाटेने जावे.
४. वाट अडवली तर नकाशा पाहावा, बोलावे, मग अर्ज करावा. पोच घ्यावी.
५. नदी सर्वांची, म्हणून ती जपणे हे सर्वांचे काम.

सांगा पाहू

१. काकी पाटी वाचून मागे का फिरली?
२. पाटीवर कोणती गोष्ट लिहिलेली नव्हती?
३. वाडीच्या मालकाने कुंपण का घातले होते?
४. तुमच्या गावात नदीवर जाण्याच्या वाटा किती? त्यांतल्या मोकळ्या किती?

शब्दांचे अर्थ

विश्वस्त : दुसऱ्याची ठेव सांभाळणारा.
वहिवाट : पुष्कळ वर्षांपासून चालत आलेला वापर.
पोच : कागद मिळाल्याची खूण.
तांडेल : गलबतावरील खलाशांचा प्रमुख.